मोहिते सरांचे दहा विद्यार्थी

आमच्या विभागात मोहिते सरांना खोली नव्हती, कपाट नव्हतं, आणि टाइमटेबलवर त्यांच्या नावाच्या जागी ‘अ. वि.’ एवढंच छापलेलं असायचं. अ. वि. म्हणजे अतिथी विद्वान. जिथे कायमचा प्राध्यापक नेमलेला नसतो तिथे दर वर्षी नव्याने बोलावलेल्या शिक्षकाला आमच्या मध्य प्रदेशात हे नाव आहे. पहिले काही महिने मला वाटायचं, सर खरंच कुठून तरी पाहुणे म्हणून आलेत आणि थोड्या दिवसांनी परत जातील. ते पंधरा वर्षांपासून येत होते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते प्रवेशाच्या दिवसांत, पप्पांबरोबर. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. आजोबा फौजेत होते, पप्पा महूला एका शाळेत विजेची दुरुस्ती बघतात. पप्पांना बी.ए. माहीत होतं. बी.ए.च्या पुढे आणखी काही लिहावं लागतं हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. महूच्या बाजारात ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान आहे, तिथे आम्ही गेलो. दुकानदाराने विचारलं, "मेजर क्या लेना है?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. मागे लाइन होती. तो म्हणाला, "जिसमें सीट खाली है उसमें डाल दूँ? पक्का मिलेगा." पप्पा लगेच म्हणाले, "हाँ भिया, पक्कावालाच डालो."

असं मला मेजर म्हणजे मुख्य विषय ग्रामविकास आणि मायनर म्हणजे दुय्यम विषय भूगोल मिळालं.

इंदूरला विद्यापीठात गेलो तर जिन्याखाली एक टेबल होतं आणि वर ‘प्रवेश मार्गदर्शन’ असा कापडी फलक लावलेला. मागे एक बारीक, उंच गृहस्थ बसले होते. जून असूनही शर्टाची वरची गुंडी लावलेली. समोर चार पेन्सिली, एक शार्पनर. माझं आडनाव वाचून ते म्हणाले, "गायकवाड. मराठी? मग मराठीत बोलू. मतलब, जेवढी येते तेवढी. आमच्या घरीपण खिचडीच आहे."

मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हां, तर बेटा, समज हा कोर्स संपला. रिझल्ट आला, पेढे वाटून झाले. रविवार गेला. सोमवारी सकाळी आंघोळ करून तू कुठे जाशील?"

पप्पा म्हणाले, "सरकारी नोकरीवर, साहेब."

"गायकवाडजी, मी बेटाला विचारलं."

मी समोरच्या पेन्सिली मोजत राहिले. सरांनी थोडी वाट बघितली, मग विषय पक्के करायचा फॉर्म माझ्याकडे सरकवला. "पेन्सिलने भर. घरी ने. दोन रोटी खा, झोप. उद्या बरोबर वाटलं तर पेन फिरव."

परतीच्या बसमध्ये पप्पा धुसफुसत होते. "मास्तर आहे की डॉक्टर? दोन रोटी खा म्हणे." घरी आल्यावर मी रोटी खाल्ली, झोपले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या अक्षरांवरून पेन फिरवलं. बरोबर वाटलं म्हणून नाही. दुसरं काय लिहायचं ते माहीत नव्हतं म्हणून.

नंतर कळलं, तो सोमवारचा प्रश्न सर सगळ्यांनाच विचारतात. बहुतेक मुलं ‘यूपीएससी’ म्हणायची, कारण ते ऐकून मोठी माणसं गप्प बसतात. सर बसायचे नाहीत. "वो तो रविवार का सपना है. सोमवार सांग." एक मुलगा म्हणाला होता, "सर, जिम जाऊँगा." सर खूश झाले. "हा पहिला खरं बोलणारा भेटला," म्हणाले आणि स्वतः उठून त्याला शारीरिक शिक्षणाच्या टेबलापर्यंत सोडून आले. अशाने त्यांच्या स्वतःच्या कोर्सला मुलं कधी फार मिळाली नाहीत. ग्रामविकास शिकवणारे ते एकटेच. त्या जिन्याखाली बसून ते जवळजवळ सगळ्यांना दुसऱ्यांच्या दारात पोचवून यायचे.

आम्ही वर्गात दहा जण होतो. इमारतीतल्या बाकीच्यांना आमचा कोर्स म्हणजे गंमत वाटायची. कॉमर्सची मुलं विचारायची, "तुमको ट्रॅक्टर चलाना सिखाते क्या?" मी एकदा ते सरांना सांगितलं, थोडी रडवेली होऊन. सर म्हणाले, "हो म्हणून सांग. आणि खरंच येत असेल कुणाला तर मलापण शिकवा." वर्गात हसू आलं. ते मात्र हसले नाहीत, फळा पुसत राहिले. त्यांचा फळा पुसायचा वेग फार कमी होता. वरून खाली, सरळ पट्ट्यांमध्ये, एखाद्याने भिंत रंगवावी तसा. खूपदा मला वाटायचं की हा माणूस थकलेला आहे आणि तेवढा वेळ विश्रांती घेतोय. तास संपल्यावर ते रिकाम्या वर्गांत डोकावून चालू राहिलेले पंखे बंद करत जायचे. शिपाई म्हणायचा, "रहने दो सरजी, मैं हूँ ना." सर म्हणायचे, "तू आहेस ते ठीक. पंखा कशाला आहे?"

त्यांच्याबद्दल जे काही मला नीट सांगता येईल ते इंदूरजवळच्या बेटम्याच्या बाजूच्या एका गावातलं आहे. पहिल्या वर्षाच्या शेवटी आम्हाला घराघरांत जाऊन सर्वेक्षण करायचं होतं. ऊन कडक होतं. आमच्यातला भूपेंद्र बेटम्याचाच, पुढारी स्वभावाचा. तो म्हणाला, "घर-घर कोन जाएगा? यहीं बैठ के भर देते हैं. म्हारे को पता है गाँव में क्या होता है." चहाच्या टपरीवर बसून आम्ही वीस फॉर्म भरले. मीही भरले. आज ते लिहिताना बरं वाटत नाही.

सर शाळेच्या ओट्यावर बसून एकेक फॉर्म वाचू लागले. सगळे वाचले. मग म्हणाले, "प्रत्येक घरात पाच माणसं. एकाही घरात म्हातारं कुणी नाही. कुणी आजारी नाही. सगळ्यांच्या मुली शाळेत जातात. भूपेंद्र, हे गाव कुठे आहे रे? मला तिथे घर घ्यायचंय."

भूपेंद्र खाली बघत म्हणाला, "सॉरी सरजी."

ते रागावले नाहीत. फॉर्म पिशवीत टाकले आणि आम्हाला जवळच्या पहिल्याच घरी घेऊन गेले. अंगणात एक बाई लसूण निवडत होती. सरांनी बसायची परवानगी मागितली आणि एकच प्रश्न विचारला, "बाई, पानी कोन भरता है?" एवढं विचारून ते गप्प बसले. आम्हालाही नजरेने गप्प बसवलं. ती बाई आधी म्हणाली, "मैं, और कोन." मग सासू अंथरुणाला खिळलेली आहे इथपासून, मोठ्या मुलीला आठवीनंतर का थांबवलं इथपर्यंत सगळं तिने सांगितलं. लसूण निवडून संपला तरी ती बोलत होती. सरांनी काही लिहून घेतलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "एक घर झालं. आता एकोणीस."

त्या दुपारी माझ्या वाट्याला शाळेच्या मागची गल्ली होती. शाळेसमोरून जाताना पाहिलं तर गुरुजी कुठल्याशा बैठकीला गेलेले आणि चौथीची मुलं वर्गात एकमेकांवर खडू फेकत होती. का कुणास ठाऊक, मी आत गेले. मला मुलांसमोर काय बोलायचं ते माहीत नव्हतं. मी फळ्यावर एक रेघ काढली आणि म्हटलं, ही तुमची गल्ली. पहिलं घर कोणाचं? सगळी एकदम ओरडली. मग घरं आली, हातपंप आला, एक मुलगा म्हणाला, आमची भैंस राहिली, तर तीपण काढली. उत्तर कुठे, दक्षिण कुठे, सूर्य कोणाच्या घरामागून येतो, यावर भांडणं झाली. तासभर गेला असेल. मला स्वतःचा आवाज पहिल्यांदा एवढा मोठा ऐकू आला. दाराशी कुणीतरी उभं होतं असं वाटलं म्हणून वळले, तर सर होते. लगेच निघून गेले.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले. "सोमवार सापडला वाटतं."

मी म्हटलं, "हो सर. शाळेत जाईन. शिकवायला."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मग बेटा, तू चुकीच्या वर्गात बसली आहेस."

त्यांनी समजावून सांगितलं. शाळेत ग्रामविकास नावाचा विषय नाही. शिक्षक भरतीत पदवीचा मुख्य विषय शाळेतला लागतो. माझा मायनर भूगोल होता, तो मेजर करता येत होता. पण ही अदलाबदल एकदाच, दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आधी, आणि मेजर शिकवणाऱ्या शिक्षकाच्या सहीने. म्हणजे त्यांच्याच सहीने. "आत्ता नाही बदललं तर मग डिग्री हातात घेऊन बसशील. असे मी बरेच बघितलेत," ते म्हणाले.

मला आनंद झाला होता. एवढा मोठा निर्णय असतो आणि तो अर्जाने बदलता येतो, याचाच आनंद. दुसऱ्या दिवशी सरांबरोबर मी ऑफिसात अर्ज घ्यायला गेले. तिथे वर्माजी म्हणून बाबू आहेत. त्यांनी अर्ज सरांकडे दिला पण कोपरा सोडला नाही.

"मोहितेजी, दस ही हैं आपके."

"मालूम है."

"नौ में कोर्स नहीं चलता. कोर्स नहीं तो आपका बुलावा भी नहीं. एक बार सोच लो."

"वर्माजी, गिनती मेरेको भी आती है. छोड़ो कागज."

वर्माजींनी कागद सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी चोरून नेतेय असं मला वाटलं. जिन्यापाशी आल्यावर मी विचारलं, "सर, खरं आहे का हे?" सर म्हणाले, "पेन्सिलने भर. पुढचं मी बघतो."

घरी मी पप्पांना सगळं सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. "त्या माणसाच्या घरी कोण कोण आहे?"

"माहीत नाही."

"मग कसं ठरवायचं?"

आम्हाला ठरवता आलं नाही. अर्ज चार दिवस पेन्सिलमध्येच पडून राहिला. पाचव्या दिवशी, अर्ज द्यायला दोनच दिवस उरले असताना, मी पत्ता विचारत जुन्या इंदूरमध्ये सरांच्या घरी गेले. एका शिलाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. मी नाव सांगितलं तेव्हा त्या आत वळून म्हणाल्या, "अहो, हीच का ती दहावी?"

मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. त्यांनी हाताला धरून बसवलं. "घाबरू नको गं. आमच्याकडे दर जूनला हेच असतं. कधी मुलं कमी, कधी कुणी कायमचा येणार अशी बातमी. चहा घेशील ना?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. रोजचं काम सांगावं तसं त्या सांगत होत्या, आणि ते मला रागापेक्षा जड गेलं.

सर बाहेर आले. मी पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, "सर, मी ग्रामविकासमध्येच राहते. मला आवडतं."

"आवडतं ना? चांगलं आहे. अर्ज आणलास?"

"सर, मी नंतर काहीतरी करीन. प्रायव्हेट बसून भूगोल करीन."

"आणखी तीन वर्षं? घरचे थांबतील?"

मी अर्ज पिशवीतून काढला नाही. तेव्हा ते चिडले. वर्षभरात पहिल्यांदाच पाहिलं मी. "मी पंधरा वर्षं लोकांना विचारतोय, सोमवारी कुठे जाशील. तू काय सांगशील? सरांची नोकरी वाचवायला गेले होते, तिथून येतेय? असल्या कोर्सला मी शिकवत नाही. आण तो कागद."

"अहो, हळू," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "पोरगी रडेल."

"रडू दे. पण पेनने लिहू दे."

मी त्यांच्याच टेबलावर बसून पेन फिरवलं. भूगोलाचा भ दोनदा गिरवला गेला. सरांनी खाली पूर्ण सही केली, नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मग चहाचा कप उचलला आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बशीत ओत. गरम आहे."

सर हातावर हात ठेवून बसले असं मात्र नाही. कोर्स वाचवायला पंधरा दिवस होते आणि त्यांना दहावा विद्यार्थी हवा होता. त्यांनी तो शोधलाही. भूपेंद्र तर इरेला पेटला होता. त्याने बी.ए.चं पहिलं वर्ष करून घरी बसलेल्या आपल्या मामेभावाला, कपिलला, गावाहून आणलं आणि त्याला सगळं पढवलं. मी तेव्हा जिन्यापाशीच होते. कपिल टेबलासमोर बसला. फॉर्म तयार, फोटो चिकटवलेला. सरांनी फॉर्म वाचला. शिक्का हातात घेतला. मग ठेवला.

भूपेंद्र हळूच म्हणाला, "सरजी, मत पूछो."

सरांनी चष्मा काढला. "बेटा कपिल, कोर्स खतम. इतवार गया. सोमवार को सबेरे—"

"पुलिस भर्ती की दौड़ में, सर," कपिल आनंदाने म्हणाला.

"दौड़ता है? रोज?"

"रोज, सर. पाँच बजे उठ के."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग समजावलं की त्याला रोज वर्गात बसायची गरज नाही, बेटम्याला राहून प्रायव्हेट बी.ए. करता येईल, धावणंही चुकणार नाही. कपिल त्यांच्या पाया पडला आणि फॉर्म घेऊन निघून गेला. भूपेंद्रने कपाळाला हात लावला. "सरजी! आप तो चुप ही रहते! मैं पकड़ के लाया था उसको!"

"अरे भिया, मैं क्या करूँ," सर म्हणाले. "वो सुबह पाँच बजे उठता है."

जुलैत नोटीस लागली. ग्रामविकासचं दुसरं वर्ष बंद, नवे प्रवेशही बंद. उरलेल्या नऊ जणांना समाजशास्त्र आणि इतिहासात वाटून टाकलं. भूपेंद्र समाजशास्त्रात गेला. तो माझ्याशी नीट बोलतो, पण एकदा हसत हसत म्हणाला, "प्रज्ञा, तेरे भूगोल ने हमारा गाँव डुबो दिया." मी हसले. घरी आल्यावर हसू आलं नाही. अतिथी विद्वानाचं काम गेलं की सरकारी कागदावर त्याला ‘फॉलन आउट’ लिहितात. वर्माजींनी तो कागद नोटीस बोर्डावर लावला तेव्हा पिना नीट चारही कोपऱ्यांना लावल्या, एरवी ते एकच लावतात.

ऑगस्टमध्ये मी लायब्ररीच्या रांगेत उभी होते. पुढे चार-पाच मुलं, आणि त्यांच्यात सर. हातात सात-आठ पुस्तकांचा गठ्ठा. काम सुटल्यावर त्यांना लायब्ररीचं नो ड्यूज, म्हणजे पुस्तकं परत केल्याचं प्रमाणपत्र, हवं होतं. मुलांनी त्यांना पुढे जायला सांगितलं, ते गेले नाहीत. मला पाहून म्हणाले, "काय चाललंय भूगोलात?"

मी प्रॅक्टिकलची फाइल दाखवली. समोच्च रेषांचा नकाशा होता, एक टेकडी. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला. "चांगलं आहे. मला काही कळत नाही, पण स्वच्छ आहे." मला त्यांना विचारायचं होतं की आता काय करताय. धारला की कुठेशी एका खासगी शाळेत बोलणं चाललंय असं ऐकलं होतं. माफी पण मागायची होती. तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

खिडकीत नवीन मुलगी होती, ती सरांना ओळखत नव्हती. फॉर्म बघून म्हणाली, "सर, इसमें दो ही खाने हैं. नियमित स्टाफ और विद्यार्थी. आप किसमें हैं?"

सर म्हणाले, "अतिथी विद्वान."

"वो खाना नहीं है, सर."

मागची मुलं चुळबुळत होती. सरांनी एकदा मागे वळून पाहिलं. "तो विद्यार्थी में कर दो बेटा. इनको देर हो रही है."

तिने खूण केली, पुस्तकं मोजली, शिक्का मारला. सरांनी मान हलवून मला निरोप दिला आणि जिन्याकडे गेले. माझा नंबर आला तेव्हा ती मुलगी एक कागद हलवत होती. "ये अपना परचा छोड़ गए. आपके साथ के हैं क्या?"

"हाँ," मी म्हटलं. "साथ के हैं."

मी कागद घेऊन धावत खाली गेले. सर रस्त्याच्या पलीकडे पोचले होते, शेअरच्या रिक्षात वाकून बसत होते. मी ओरडले, कागद वर धरून हलवला. ट्रॅफिकमध्ये त्यांना काही ऐकू गेलं नसावं. त्यांना वाटलं मी अच्छा करतेय. त्यांनीही हात वर केला, नीट, पूर्ण वर, आणि रिक्षा सुटली.

संध्याकाळी मी फोन केला तर म्हणाले, फोटो पाठव, तेवढ्याने चालेल. मी पाठवला. मूळ कागद माझ्याकडेच आहे. नाव मोहिते, विद्यार्थी या शब्दापुढे खूण, आणि खाली निळ्या शिक्क्यात लिहिलंय की यांच्याकडे काही बाकी नाही.